ऑनलाइन पोकरचा अभ्यास करूनही तोटाच होतो आहे; डावपेच आणि स्वयंशिस्त कशी सुधारावी?

तुम्ही लिहिले आहे की लीड्समध्ये राहून रोज रात्री दोन तास छोट्या टेबलांवर टेक्सस होल्डेम (प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि मध्ये सर्वांसाठी एकूण पाच पाने असणारा पोकरचा प्रकार) खेळता, व्हिडिओ पाहून बराच अभ्यास केला आहे, तरीही महिनाअखेरीस खात्यात तूटच दिसते, आणि चूक डावपेचांत आहे की स्वभावात हे उमगत नाही. मी लेस्टरमध्ये राहतो आणि गेली सात वर्षे 5 आणि 10 पेन्सच्या ब्लाइंडवर (पाने बघण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमा) खेळतो आहे. माझा अनुभव असा की छोट्या टेबलांवर बहुतेक पैसे न शिकलेल्या गोष्टींमुळे जात नाहीत. शिकलेली गोष्ट ऐन वेळी बाजूला सारल्यामुळे जातात.

एक रात्र मला अजून स्पष्ट आठवते. माझ्या हाती दोन एक्के होते, समोरच्याकडे दोन राजे होते, पहिली तीन पाने उघडण्याआधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये गेले आणि शेवटच्या पानाला किलवरचा राजा आला. माझे दहा पौंड गेले. त्या डावात माझे काहीही चुकले नव्हते, कारण राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीला शंभरात साधारण 18 वेळा हरवतेच. चूक झाली ती त्यानंतर चार मिनिटांनी, जेव्हा मी 25 आणि 50 पेन्सचे टेबल उघडले, जिथे पूर्ण रकमेने बसायला 50 पौंड लागतात, आणि दोन तासांत दीडशे पौंड घालवून उठलो. ते टेबल उघडताना माझ्या मनात डावपेच नव्हता, गेलेले दहा पौंड लगेच परत मिळवायचे होते. पोकर खेळणारे ज्याला टिल्ट म्हणतात, म्हणजे रागाच्या भरात तोल सुटून खेळणे, ते हेच. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25 ते 30 डाव होतात, तर ऑनलाइन एकाच टेबलावर 60 ते 80 होतात, त्यामुळे डोके ठिकाणावर नसताना होणारे नुकसानही इथे त्याच वेगाने वाढते.

आता अभ्यासाबद्दल. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण कागदावर एक हिशेब स्वतः करून पाहण्याची सर त्याला येत नाही. समजा तुमच्या हाती बदामाची नव्वी आणि अठ्ठी आहे, आणि मध्ये बदामाचा राजा, बदामाची चौकी, इस्पिकची दुर्री आणि चौथे पान चौकटची तिर्री आले आहे. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, 6 पौंड आहेत आणि समोरचा 3 पौंड लावतो. आणखी एक बदाम आला तर पाच बदाम होऊन तुम्ही जिंकाल असे धरू. न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 बदाम तुमच्या कामाचे, म्हणजे संधी 19.6 टक्के, पण 9 पौंड मिळवण्यासाठी 3 पौंड घालायचे तर 25 टक्के संधी हवी. असे 46 डाव खेळले तर 9 वेळा मिळून 81 पौंड येतात, 37 वेळा मिळून 111 पौंड जातात, आणि 30 पौंडांची तूट उरते. म्हणजे बदाम लागल्यावर शेवटच्या फेरीत समोरच्याकडून सरासरी 3.33 पौंड आणखी मिळणार असतील तरच बरोबरी साधते. पुष्कळ खेळाडू मध्ये तीनच पाने उघडलेली असतानाची 35 टक्के ही संख्या पाठ करतात आणि ती इथेही लावतात. ती दोन पाने यायची असताना आणि मधे पुन्हा पैसे घालावे लागणार नसतील तेव्हाच खरी असते. हा एक हिशेब हातात बसला तेव्हा माझे विनाकारण कॉल करणे, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे घालून डावात राहणे, निम्म्यावर आले.

बसण्याच्या जागेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. सहा जणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलायचे, म्हणजे इतरांचे काय ते न कळता निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मी साधारण सहापैकी एकच हात खेळतो, आणि बटणावर, म्हणजे मधली पाने उघडल्यावर सर्वांत शेवटी बोलायच्या जागेवर, असताना पाचांपैकी दोन. शिवाय पॉटमधून रेक, म्हणजे संकेतस्थळाचा हिस्सा, कापला जातो, म्हणून समोरच्यांच्या बरोबरीचा खेळाडू अखेर तोट्यातच राहतो, हे तुमच्या महिन्याच्या आकड्याकडे पाहताना ध्यानात घ्या.

शिस्तीबाबत मी एकच करतो: जे ठरवायचे ते खेळायला बसण्याआधी, शांत डोक्याने वहीत लिहून ठरवतो. दहा पौंड घेऊन बसायच्या टेबलासाठी खात्यात 300 पौंड हवेत, ते 200 वर आले की एक पायरी खाली उतरायचे. एका रात्रीत 20 पौंड गेले की उठायचे. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त टेबले उघडायची नाहीत. संकेतस्थळावर जमा करण्याची मासिक मर्यादाही घालून ठेवा, म्हणजे मोहाच्या क्षणी निर्णय तुमच्या हाती राहत नाही. वहीत हार-जीत शेवटी लिहा. आधी ज्या तीन डावांत शंका वाटली ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी तपासा.

हे उत्तर भारतातून कोणी वाचत असेल तर त्यांना सांगणे आवश्यक आहे की 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यांनी परदेशी संकेतस्थळांच्या मागे लागू नये. वरचा हिशेब खोट्या चिप्सवरही तितकाच शिकता येतो.

तुमची लिहिलेली मर्यादा महिन्यात दोनदा मोडली, किंवा घरभाड्याच्या पैशांना हात लागला, तर डावपेचांचा विचार बाजूला ठेवा आणि गॅमस्टॉप या स्वतःला जुगारापासून दूर ठेवण्याच्या सेवेत नाव नोंदवा. ही मोफत सेवा ब्रिटनमधील परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपन्यांची दारे तुमच्यासाठी सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे बंद करते, आणि ठरलेली मुदत संपण्याआधी ती उघडून घेता येत नाही. त्या दीडशे पौंडांनंतर मी सहा महिने नाव नोंदवले होते. त्या काळात एकही डाव खेळलो नाही, फक्त साठवून ठेवलेले जुने डाव संध्याकाळी वही घेऊन एकेक तपासत बसलो, आणि वरचा बदामाचा हिशेब तेव्हाच मांडला.