वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्स ईमेल ॲप टिकतील का?

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल असून घरच्या संगणकावर अनेक वर्षे थंडरबर्ड आणि फोनवर के-९ मेल वापरतो. के-९ आता थंडरबर्डमध्ये विलीन झाले असे कळले, आणि देणगीचे आवाहन तर अधूनमधून दिसतच असते. असा लोकवर्गणीवरचा कारभार किती काळ चालणार? सगळे सोडून जीमेलच्या ॲपकडे वळावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वळण्याची गरज नाही. लोकवर्गणीविषयीची आपली शंका स्वाभाविक आहे, पण थंडरबर्डचा इतिहास नेमकी उलटी साक्ष देतो. डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला त्याच्या पाठीशी उभी होती; २०१२ मध्ये त्याच मोझिलाने थंडरबर्डमध्ये नवी भर घालणे हे आता आपले प्राधान्य नसल्याचे जाहीर केले आणि पुढची काही वर्षे देखभालीचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर येऊन पडला. मोठ्या आश्रयाखाली रखडलेले हे काम सावरले ते वापरणाऱ्यांच्या देणग्यांमुळे. २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एमझेडएलए टेक्नॉलॉजीज ही कंपनी ते चालवते, आणि २०२२ या एका वर्षात देणग्यांची रक्कम ६४ लाख डॉलरच्या पुढे गेली. पगारी प्रोग्रामर नेमणे त्यामुळेच शक्य झाले.

के-९ ची अडचण वेगळी होती. जेसी व्हिन्सेंट यांनी २००८ मध्ये अँड्रॉइडच्या मूळ ईमेल ॲपचा कोड घेऊन ते सुरू केले, परंतु नंतरची बरीच वर्षे ख्रिस्तियान केटरर यांनी ते जवळजवळ एकहाती सांभाळले. माझ्या मते अशा ॲपांना पैशाच्या टंचाईपेक्षा मोठा धोका असतो तो सारी भिस्त एकाच माणसावर असण्याचा. फेअरईमेल या अँड्रॉइडवरील ईमेल ॲपचे कर्ते मार्सेल बोखोर्स्ट यांनी २०२२ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरशी झालेल्या वादानंतर काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ते वापरणाऱ्या असंख्य लोकांची चांगलीच धावपळ झाली. सुदैवाने त्यांनी लवकरच निर्णय फिरवला. त्याच वर्षी जूनमध्ये के-९ थंडरबर्डच्या छत्राखाली आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडसाठीचे थंडरबर्ड प्रसिद्ध झाले. आपले के-९ मात्र बंद झालेले नाही. दोन्ही ॲप एकाच कोडमधून तयार होतात, फरक मुख्यतः नावाचा आणि चिन्हाचा आहे. त्यामुळे घाईने काही बदलण्याचे कारण नाही.

हे सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोड खुला, म्हणजे कोणालाही पाहता आणि वापरता येण्याजोगा, असल्यामुळे ॲप सहसा समूळ नाहीसे होत नाही. २०१७ मध्ये नायलस मेल हे ईमेल ॲप बंद पडले, पण त्याच्याच कोडमधून मेलस्प्रिंग उभे राहिले. काळजी करायची ती दुसऱ्या बाजूची. आपली पत्रे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात ती कंपनी बाहेरच्या ॲपला आत येऊ देते का आणि कोणत्या अटींवर, हे त्या कंपनीच्या हाती असते. मे २०२२ अखेर गूगलने केवळ नाव आणि पासवर्ड देऊन जीमेलमध्ये शिरणाऱ्या ॲपांना मज्जाव करण्यास सुरुवात केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, पण ॲपला पासवर्ड न देता गूगलच्या पानावरून परवानगी देण्याच्या नव्या ओऑथ पद्धतीसाठी ॲपची गूगलकडे नोंदणी आणि तपासणी करून घ्यावी लागते, जे थंडरबर्डला जमते आणि फावल्या वेळात ॲप लिहिणाऱ्याला जड जाते. सर्व्हरवरील पत्रे वाचण्याचे आयमॅप आणि पत्रे पाठवण्याचे एसएमटीपी हे खुले नियम कायम राहूनही स्पर्धेतून लहान ॲप गळतात ते अशा रीतीने.

प्रश्न : आयफोनवर थंडरबर्ड अजून का नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : त्याचे काम सुरू आहे, पण अँड्रॉइडवर के-९ चा तयार पाया मिळाला तसा तेथे नव्हता. शिवाय आयफोन ॲपला पडद्यामागे सर्व्हरशी सतत जोडलेले राहू देत नाही. नवे पत्र आल्याची सूचना तत्काळ हवी असेल तर ती ॲपलच्या सूचनासेवेमार्फतच यावी लागते, आणि आयमॅपच्या बाबतीत त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ॲप बनवणाऱ्याने मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवून आपल्या खात्याची किल्ली जवळ बाळगायची. 'तुमची पत्रे आमच्याकडे येत नाहीत' हे ज्यांचे मुख्य आश्वासन, त्यांनी हा मार्ग सहजासहजी स्वीकारू नये यात मला नवल वाटत नाही. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या जेमॅप या नियमावलीत पत्रांचा सर्व्हर स्वतःच अशी सूचना पाठवू शकतो, त्यामुळे मधल्या माणसाला किल्ली द्यावी लागत नाही. फास्टमेल ही ईमेलसेवा ती वापरते. जीमेलने ती स्वीकारलेली नाही, आणि जोवर मोठे सेवादाते तिच्याकडे पाठ फिरवून आहेत तोवर आयफोनवरील खुल्या ॲपला थोड्या उशिराने येणाऱ्या सूचनांवर समाधान मानावे लागेल. एप्रिल २०२५ मध्ये थंडरबर्डने थंडरमेल या स्वतःच्या सशुल्क ईमेलसेवेची घोषणा केली, त्यामागे हेही एक कारण असावे असा माझा तर्क आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे खाते मायक्रोसॉफ्टवर आहे. थंडरबर्ड जोडायला गेले की 'प्रशासकाची मान्यता हवी' असा संदेश येतो. उपाय काय? (एक प्राध्यापिका, कोल्हापूर)

उत्तर : दोष ॲपचा नाही. आपल्या संस्थेच्या संगणक विभागाने बाहेरच्या ॲपांना परवानगी दिलेली नाही, आणि ती त्यांच्याकडेच लेखी मागावी लागेल. अर्जात थंडरबर्डचे नाव स्पष्ट लिहावे आणि आयमॅप सुरू आहे का तेही विचारावे. नोव्हेंबर २०२५ च्या १४५ क्रमांकाच्या आवृत्तीपासून थंडरबर्ड एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या ईमेलसेवेशी थेट जोडता येते, परंतु त्यासाठी वापरलेली जुनी जोडणी आपल्या ऑनलाइन सेवेत ऑक्टोबर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. म्हणून आयमॅपची परवानगी मिळत असेल तर तीच घ्यावी. परवानगी नाकारली गेली तर ब्राउझरमधून काम करावे. मध्यस्थ सेवेला पासवर्ड देऊन आडवाट काढू नये, कारण ते खाते संस्थेचे आहे.