जुन्या बुलेटच्या पुढच्या फोर्कला खाली ॲक्सलची (चाकाच्या दांड्याची) कॅप धरणारा एक स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट, तुटलाय. अख्खा फोर्क बदलावा लागेल का?

नाही, बहुतेक वेळा फक्त स्टड बदलून भागतं. पण तोवर गाडी चालवू नका. पुढचं चाकच त्या कॅपवर धरलेलं असतं.

स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग ग्रिप प्लायरने पुढे-मागे हलवत काढा. हलत नसेल तर तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्या. त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. मात्र फोर्कचा पाय आधी उतरवून तेल काढा, नाहीतर उष्णतेने ऑइल सील खराब होऊ शकतं.

आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्याचं ड्रिल वापरा. इझी-आऊटवर (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) माझा फारसा भरवसा नाही. इझी-आऊटच आत तुटला की त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही. त्यापेक्षा लेथवाल्याकडे न्या. ॲल्युमिनियमचे आटे गेले असतील तर तो हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवून देईल.

नवा स्टड हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या बोल्टपासून कापून बनवू नका, स्पेअर पार्टचाच घ्या. जोडीचा दुसराही त्याच वेळी बदला. दोन्ही नट आलटून-पालटून थोडेथोडे आवळा. एकच बाजू जोरात आवळली तरी स्टड तुटू शकतो.