गोळी मनाने वाढवावी का?

प्रश्न : बाबांना कंपवात (पार्किन्सन) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची सकाळची गोळी हल्ली तासभर लागूच पडत नाही, म्हणून ते मनानेच दीड घेतात. चालेल का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. आधी वेळ तपासा. गोळी तर्री-पोह्यांसोबत जात असेल, तर चण्यातली प्रथिनं आतड्यात लेव्होडोपाची वाट अडवतात. खाण्याआधी ३० मिनिटं, साध्या पाण्यासोबत द्या; लोहाची गोळी २ तास लांब ठेवा. आठवडाभर वहीत लिहा : गोळी किती वाजता, शर्टाचं बटण कधी लागलं (म्हणजे गोळी लागू पडली), अंग आपोआप कधी वळवळलं. गोळीचा जोर असताना वळवळ होत असेल, तर दीड गोळीने ती वाढेल. वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, डोस तेच बदलतील. आणि कृपा करून गोळी एकदम बंद करू नका. तीव्र ताप, ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.