पहिलं वर्ष आणि फॉर्मलिनचा वास

प्रश्न: ताई, एमबीबीएसला लागून तीन महिने झाले. अॅनाटॉमी डोक्यावरून जातंय, रात्रभर वाचते आणि सकाळी सगळं साफ. माझं काही चुकतंय का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: अगं, चुकत काही नाही, अभ्यासच डोंगराएवढा आहे. पूर्वी पहिलं वर्ष दीड वर्षाचं असायचं, १९९७च्या नियमांनी ते एका वर्षावर आणलं आणि अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही त्यातच कोंबले. नुसतं वाचून होत नाही हे, हात चालवावा लागतो. ब्रेकियल प्लेक्ससच घे, म्हणजे हाताला जाणारं नसांचं जाळं, मणक्यातून निघणारी सी५ ते टी१ अशी पाच मुळं, मग ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड आणि शेवटी ५ मुख्य नसा, हे रोज जेवणाआधी एकदा न बघता काढायचं, आठवड्यात हात आपोआप चालतो बघ. डिसेक्शनला, म्हणजे मृतदेहाच्या विच्छेदनाला, मागे उभी राहू नकोस, मृतदेह टिकवायच्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, डब्यालाही तोच वास येतो (मी महिनाभर पोळी चमच्याने खायचा प्रयत्न केलाय), पण अल्नार नर्व्ह, हातातली एक मुख्य नस, कोपरामागे एकदा बोटाने चाचपलीस की विसरणार नाहीस. रात्रीची जागरणं मात्र बंद कर, आणि बायोकेमिस्ट्री शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस, सगळे तिथेच अडकतात.