मलबार हिल पायी: चढायचं की उतरायचं?

प्रश्न : आईला घेऊन मलबार हिलवर निवांत चालायचंय. तिच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, दादर

उत्तर : वरून! टॅक्सीने थेट कमला नेहरू पार्कला उतरा. म्हातारीचा बूट, म्हणजे तिथली बुटाच्या आकाराची वास्तू, आईलाही बघायची असेल, बघू द्या. पण तिथल्या कठड्याशी जास्त वेळ थांबा. खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा अख्खा बाक दिसतो. सकाळी लवकर गेलात तर गर्दीही नसते.

रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. १८८१ सालचं. हिरवळीखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे, हे आईला जरूर सांगा. झुडपं कापून केलेले प्राणी पाहताना बाकावर बसून घ्या.

मग बाळ गंगाधर खेर मार्गाने, जुन्या रिज रोडने, सावकाश तीन बत्ती नाक्याकडे या. माझा सगळ्यात आवडता टप्पा हाच. मोठी झाडं, तुरळक वाहनं, आणि मुंबईत असूनही पाखरांचा आवाज ऐकू येतो. फुटपाथ मात्र मुळांनी उचललेला आहे, तेव्हा आईचा हात धरा आणि तिला चपलेऐवजी बूट घालायला लावा.

पुढे वाळकेश्वरला बाणगंगा. तलावाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. आईने काठावरूनच दर्शन घ्यावं. परतीची टॅक्सी वाळकेश्वर रोडवर मिळेल. तेवढ्यासाठी थोडं चढावं लागेल, म्हणून आधी पुरेशी विश्रांती घ्या.