पाड्याची सभा आणि विश्वस्तांची बैठक

ताई, तुमच्या ठाण्यातल्या संस्थेचं काम येऊरच्या पाड्यांवर, पण सातही विश्वस्त शहरातले. कारभार आदिवासींच्या रीतीने व्हावा म्हणून एक वारली प्रतिनिधी मंडळावर घेतला तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका संस्थेत मी बारा वर्षं सचिव होते. नाही पुरणार. एकटा माणूस सगळ्या पाड्याच्या वतीने बोलायला कचरतो, आणि त्याने मान डोलावली की आपण पाड्याची संमती धरून मोकळे होतो. निर्णय आधी पाड्यावर होऊ द्या.

आमची चूक सांगते. शिवणवर्गाचा प्रस्ताव घेऊन गेलो, "चालेल ना?" विचारलं. दाराशी बसलेली एक आजी म्हणाली, "बघू." मग सगळ्याच "बघू" म्हणाल्या. आम्ही ठराव लिहिला, मशिनी घेतल्या, ऐन लावणीत वर्ग सुरू केला. दुसऱ्या आठवड्यात एकही बाई फिरकली नाही. ते "बघू" म्हणजे नकार होता. दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पुढे आम्ही कागद न काढता नुसते ओट्यावर बसायला लागलो. तिसऱ्या संध्याकाळी खरी अडचण कळली: मुलांचे जातीचे दाखले अडले होते, ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे हवे होते. पुढचं वर्ष त्यातच गेलं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून एक गोष्ट जरूर घ्या. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते आणि अभ्यासगट वेगळा बसतो. अभ्यासगटात नुसती चर्चा, निर्णय सभेत. आपण बाहेरच्यांनी अभ्यासगटात माहिती द्यावी आणि ठरवायची वेळ आली की उठावं. आम्ही खरंच उठून नाक्यावर चहाला जायचो.

कायद्याचं म्हणाल तर १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, महापालिका हद्दीत लागू नाही. धर्मादाय आयुक्तांपुढे उत्तर विश्वस्तांनाच द्यावं लागतं, ती जबाबदारी पाडासभेवर ढकलता येत नाही. पण विश्वस्त स्वतःला बांधून घेऊ शकतात. पाड्याचा खर्च सभेच्या सहमतीशिवाय मंजूर करायचा नाही आणि मंडळाला काही अमान्य असेल तर कारण पाड्यावर जाऊन सांगायचं, अशी तरतूद वकिलाकडून तपासून नियमावलीत घाला. पाड्यावरचा विश्वस्त एक नको, निदान दोघं घ्या, त्यातली एक बाई. विश्वस्त बदलल्याचा अर्ज (बदल अर्ज) धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्या. हिशोब पाड्यावर मोठ्याने वाचा.

खरी ओढाताण देणगीदाराशी होते. त्याला ३१ मार्चच्या आत खर्च हवा असतो आणि सहमतीला महिने लागतात. आम्ही आधी तीन महिने नुसत्या चर्चेसाठी मागायचो. एका कंपनीने दिले. दुसरी ऐकेना, तेव्हा तिचा धनादेश परत केला. दोन विश्वस्त नाराज झाले, त्यांच्याशीही बोलत राहावं लागलं.

पाऊस सुरू झाला की लावणी उरकेपर्यंत सभा ठेवू नका. त्याआधी दोन-तीन संध्याकाळी जाऊन या, वही घरी ठेवून.