दीड हजाराचा दुधी भोपळा

प्रिय रूथ,

घरच्या ग्रुपवर आलेला, आपल्या गावच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणाचा (पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण) व्हिडिओ बघून तू विचारलंस, "भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आजोबा एका दुधी भोपळ्याला दीड हजार देतात आणि वर तो परतही देऊन टाकतात? हा शो-ऑफ नाही का? आणि मलाही असं काही द्यावं लागणार का?" फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहून पाठवते.

नगरकडे या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, नारळ, अंडी, घरचा केक, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडतात. ज्याच्याकडे जे पिकलं ते. भक्ती आटोपली की आवारात लिलाव. घेतलेली वस्तू पुष्कळ जण तिथेच पुन्हा अर्पण करतात, की पुन्हा बोली. तो भोपळा त्या दिवशी तीनदा विकला गेला. पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फंडात. बाजारभाव तिथे मुद्दामच मोडायचा असतो. चढाओढ चालते, मिशीला पीळही भरला जातो; तेव्हा तुझा शो-ऑफचा संशय अगदीच खोटा नाही. पण वर्षभर मूठ आवळून बसलेला माणूस त्या दिवशी हसत हसत ती उघडतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

यामागची गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. सातबाऱ्यावरून बोलणं बंद झालेले भाऊ आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही थोडेथोडके नाहीत! येशू त्या भानगडीत पडत नाही. तो एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक भरघोस आलं, तेव्हा जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं त्याने ठरवलं. त्याने कुणाला लुबाडल्याचा उल्लेखही नाही. नगरसारख्या दुष्काळी मुलखात तर अशा माणसाला लोक शहाणाच म्हणतील.

मग देव त्याला मूर्ख का म्हणतो? त्याचं बोलणं नीट वाच. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. प्रश्न स्वतःलाच, उत्तरही स्वतःलाच. गडी, शेजारी, पाऊस देणारा देव, कुणाचाच पत्ता नाही. शेवटी तो आपल्या जिवाला सांगतो, पुष्कळ वर्षं पुरेल, खा, पी, मजा कर. "भिऊ नकोस" हा देवाने द्यायचा धीर तो कोठाराकडून घेतो, आणि त्याच रात्री जीव परत मागितला जातो. प्रेषित पौलसुद्धा आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्र लिहिताना श्रीमंतांना श्रीमंती टाकायला लावत नाही. चंचल धनावर भिस्त ठेवू नका आणि देताना हात आखडू नका, एवढंच बजावतो.

इथे टोरोंटोत कोठारं दिसत नाहीत, म्हणून जास्त फसायला होतं. माझ्या ऑफिसात डोळे चोळत आधी शेअरचे आकडे बघणारे पुष्कळ आहेत, त्यांतले काही रविवारी आपल्याच बाकावर असतात. मार्केट पडलं की त्या दिवशी चहासुद्धा मुकाट्याने पितात.

आपल्याकडे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक होऊन गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांचं तुकोबांवर फार प्रेम, आणि तुकोबांनी तर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. तेव्हा मूठ उघडायचं हे वळण काही मिशनऱ्यांनी जहाजातून आणलेलं नाही. मात्र टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, आणि संसार ओढायच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मी हसते, पण माझी बाजू त्यांचीच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं मला मान्य नाही.

आता तुझ्या कॅफेच्या पगाराचं. आधी फी भर, शेवटची तारीख जवळ आलीय. मग थोडं, पण जरा टोचेल इतकं बाजूला काढ. चर्चमध्येच दे असं नाही. तुझ्या मजल्यावर ती मुलगी महिनाअखेरीला नुसत्या नूडल्सवर काढते म्हणालीस ना? किती दिलंस ते मला सांगायचं नाही.

तुझी,
आई